डब्यांत आहे त्यात दहा दिवस : चौघांचा स्वयंपाक पुरवून कसा करायचा

महिन्याची वीस तारीख उलटलेली, पगाराला दहा दिवस, आणि डबे हलवून पाहावेत तर प्रत्येकात तळाशी थोडं थोडं. मुंबईत नवा संसार मांडलेल्यांचा हात अशा वेळी सगळ्यात आधी जातो तो भाताच्या वाटीवर. ‘आजपासून एक वाटी कमी लावू.’ चूक नेमकी इथेच होते. तांदूळ आणि गहू ही घरातली पोट भरणारी सर्वांत स्वस्त वस्तू. तिला कात्री लावली की दुपारी चार वाजता पोटात कावळे ओरडतात, मग स्टेशनबाहेरचा वडापाव आणि मुलांना बिस्किटाचा पुडा ठरलेला. एका वडापावच्या पैशांत पाव किलो तांदूळ तरी नक्की येतो.

म्हणून पुरवून वापरायचं ते तेल, डाळ, वाटण आणि भाजी. पोळी-भात पोटभरच ठेवायचा. खालचं सगळं गणित दोन मोठी माणसं आणि दोन शाळकरी मुलं धरून केलंय. भाव रोज हलतात, म्हणून ते दिलेले नाहीत. मापं दिली आहेत.

आधी डबे मोजा

ओट्यावर सगळे डबे काढा, कागद-पेन घ्या आणि आहे ते लिहा. अंदाजाने नाही, मोजून. वजनकाटा नसला तरी अडत नाही, आमटीची एक मधली वाटी पुरते. तिच्यात काठोकाठ तांदूळ किंवा डाळ भरली की साधारण १३० ग्रॅम होते, म्हणजे किलोला पावणेआठच्या आसपास वाट्या. बेसन हलकं असतं, तीच वाटी जेमतेम ७० ग्रॅम भरते. पण तुमची वाटी वेगळी असू शकते. पुढचं एक किलोचं पाकीट फोडाल तेव्हा वाटीवाटीने डब्यात ओता आणि आकडा झाकणाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. मग पुन्हा कधी मोजायला नको. आणि एकदा धरलेली वाटी बदलायची नाही. मापात लहान-मोठ्या वाट्यांची सरमिसळ झाली की सगळा हिशेब कोसळतो.

समजा घरात हे निघालं : तांदूळ ५ किलो, कणीक ७ किलो, तूरडाळ पाऊण किलो, मसूरडाळ अर्धा, मटकी अर्धा, बेसन अर्धा, पोहे आणि रवा अर्धा अर्धा किलो, शेंगदाणे अर्धा किलो, तेल ७५० मिली, कांदे-बटाटे तीन तीन किलो, थोडा गूळ. भाग दहाने.

तांदूळ दिवसाला ५०० ग्रॅम, म्हणजे चार वाट्यांना किंचित कमी. कणीक ७०० ग्रॅम. एका पोळीला ३० ग्रॅम कणीक धरली तर २३ पोळ्या होतात. मळलेला गोळा मोठ्या लिंबाएवढा हवा. त्याहून मोठा घेतला की पोळ्या अठरावरच संपतात आणि कणीक कुठे गेली ते कळत नाही. डाळ, कडधान्य, बेसन मिळून दिवसाला २२५ ग्रॅम. तेल दिवसाला ७५ मिली, म्हणजे चहाचे १५ चमचे.

हे आकडे बघून लक्षात येईल की उपाशी राहायची वेळ नाही. शिस्त लागते ती तेल आणि डाळ या दोन ठिकाणी. रोज सकाळी त्या दिवसाचं तेल एका लहान बाटलीत काढून घ्या आणि मोठा कॅन वर ठेवून द्या. धार धरून कढईत ओतलेलं तेल कुणालाच मोजता येत नाही.

रेशनचं धान्य घेतलंत का?

प्राधान्य कुटुंबाच्या शिधापत्रिकेवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. कार्ड गावचं आहे म्हणून इथे मिळणार नाही, असं समजून बसणारे अजूनही खूप आहेत. आधार जोडलेलं असेल तर मुंबईतल्या रास्त भाव दुकानात अंगठा लावून धान्य घेता येतं, आणि घरातली काही माणसं गावाला असतील तर थोडं तिकडे, थोडं इकडे असंही उचलता येतं. अंगठा लागला की यंत्रातून निघालेली पावती मागून घ्या आणि वजन तिच्याशी ताडून पाहा.

पण ५ किलो म्हणजे दिवसाला माणशी १६६ ग्रॅम. अंगमेहनत करणाऱ्याला याच्या दुप्पट धान्य सहज लागतं. रेशनवर महिना निघेल असं गणित मांडू नका. निम्मं धान्य विकत घ्यायचंच आहे, असं धरून चाला.

रेशनच्या तांदळात कधी कधी थोडे वेगळे दाणे दिसतात, जरा पिवळट, काही पाण्यावर तरंगणारे. त्यांना प्लॅस्टिक समजून निवडून टाकू नका. तांदळाच्याच पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि बी-१२ मिसळून ते दाणे पाडलेले असतात आणि १०० किलोला १ किलो या प्रमाणात मिसळलेले असतात. धुताना पाणी ओतून देता त्याबरोबर तेही जातात, म्हणून हलक्या हाताने दोनदाच धुवा.

जाडा तांदूळ मोकळ्या भाताला बरा नाही, हे खरं. खिचडी, आंबोळी, घावन, भाकरी यांना मात्र तोच बरा. गव्हाच्या पोळ्या कडक होतात अशी तक्रार असते. कणीक कोमट पाण्याने नेहमीपेक्षा सैल मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा. पाणी मुरायला वेळ मिळाला नाही की पोळी पापडासारखी होते, गव्हाचा त्यात फारसा दोष नसतो. पावसाळ्यात दळण एका वेळी ५ किलोच्या वर आणू नका, ओलसर हवेत पिठाला लवकर जाळी लागते.

दोन चमचे तेलात फोडणी

मोठ्या कढईत दोन चमचे तेल टाकलं की ते पसरतं, मोहरी त्यात बुडत नाही, अर्धी तडतडते आणि अर्धी कच्ची राहते. मग आणखी तेल ओतलं जातं. त्यापेक्षा आमटीची, खिचडीची, कोशिंबिरीची फोडणी लहान कढल्यात करा आणि वरून घाला. दोन चमचे तेल कडकडीत तापवा, त्यात पाव चमचा मोहरी. ती पूर्ण तडतडून थांबेपर्यंत दुसरं काही घालू नका. मग जिरं, हिंग, ठेचलेल्या लसणीच्या तीन पाकळ्या, लसूण कडेने तांबूस झाली की गॅस बंद, आणि मगच हळद-तिखट. तिखट जळत्या तेलात पडलं तर काळं होतं आणि आमटी कडवट लागते. फोडणी आमटीत ओतून लगेच झाकण घाला. वास आत राहतो. सुरुवातीला घातलेल्या चार चमच्यांपेक्षा वरून घातलेले हे दोन चमचे जास्त चव देतात.

पंधरा चमच्यांची वाटणी साधारण अशी बसते : सकाळच्या भाजीला चार, आमटीला दोन, पोळ्यांना तीन, रात्रीच्या पदार्थाला चार, दोन शिल्लक. शिल्लक साठवत गेलात की थालीपिठाच्या दिवशी कामाला येते. तळण या दहा दिवसांत नाही. भजी खाल्ली तेवढंच तेल जात नाही, कढईत उरलेलं वाटीभर तेलही अडकून पडतं.

एका वाटी डाळीत चौघांचं कालवण

नुसती तूरडाळ वापरू नका. अर्धी वाटी तूर, अर्धी वाटी मसूर. मसूर बहुधा स्वस्त असते, न भिजवता शिजते आणि शिजल्यावर पार विरघळते, त्यामुळे पातळ आमटीलाही अंग येतं.

डाळ दोनदा धुऊन अर्धा तास भिजवा. कुकरच्या भांड्यात अडीच वाट्या पाणी, चिमूटभर हळद, तेलाचे चार थेंब. कोकम, चिंच, टोमॅटो यातलं काहीही आत्ता घालायचं नाही. आंबटात डाळ शिजत नाही आणि मग ती अख्खी दिसत राहते. याच कुकरात वरच्या भांड्यात भात लावा, एकाच गॅसवर दोन्ही होतात. एक शिट्टी मोठ्या आचेवर, नंतर बारीक गॅसवर दहा मिनिटं. शिट्ट्या मोजण्यापेक्षा मिनिटं मोजा. जोराच्या गॅसवर पाच शिट्ट्या चार मिनिटांत होतात आणि डाळ कच्चीच राहते.

यापुढची पायरी बहुतेकजण गाळतात. कुकर उतरल्यावर डाळ रवीने किंवा पळीच्या पाठीने घोटून एकजीव करा, आणि मगच पाणी. तेही उकळतं, तीन वाट्या. डाळ न घोटता गार पाणी ओतलं तर ताटात पाणी वेगळं आणि डाळ तळाला, आणि ‘आज आमटीत पाणीच आहे’ हे घरात ऐकावं लागतं. पाणी घातल्यावर दोन-तीन कोकमं, गुळाचा खडा, मीठ, गोडा मसाला घालून पाच मिनिटं खळखळून उकळू द्या. तरीही फुटली तर चमचाभर बेसन गार पाण्यात कालवून लावा आणि आणखी तीन मिनिटं उकळा. शेवटी वरची फोडणी. सहा वाट्या आमटी होते, चौघांना दीड दीड वाटी.

आमटी जर्मनच्या पातेल्यात ठेवून देऊ नका, कोकमाने ॲल्युमिनियम उतरतं. स्टीलमध्ये काढा.

एका जुडीत पाच माणसं जेवतील अशी एक गोष्ट सांगायची तर पालकाची ताकातली पातळ भाजी. जुडी चिरून घ्या, कोवळ्या देठांसकट. पाव वाटी चणाडाळ आणि मूठभर शेंगदाणे दोन-तीन तास भिजवून, पालकाबरोबर कुकरात शिजवा आणि पालक घोटून घ्या. दोन वाट्या आंबट ताकात दोन मोठे चमचे बेसन गुठळ्या न होता कालवून त्यात ओता. ढवळत राहा, मंद गॅसवर. बेसन नसेल किंवा जोराची उकळी आली तर ताक फुटतं. ज्या दिवशी आमटीची डाळ वाचवायची असेल त्या दिवशी ही करा.

मटकी : दोन वाट्यांतून तीन जेवणं

कडधान्याला मोड आणले की ते दुपटीहून जास्त होतं. दोन वाट्या कोरड्या मटकीची मोड आल्यावर पाचएक वाट्या मटकी होते. हरभरा, वाटाणा यांना मोड येतात, पण शिजायला गॅस फार खातात. नवख्याने मटकी किंवा मुगापासून सुरुवात करावी.

सकाळी मटकी निवडून, धुऊन, तिप्पट कोमट पाण्यात घाला. रात्री पाणी काढून सुती ओल्या फडक्यात सैल पुरचुंडी बांधा आणि चाळणीत ठेवून वर ताटली झाका. सकाळपर्यंत मोड येतात. मे महिन्यात आठ तासही पुष्कळ होतात, त्याहून जास्त ठेवली तर मटकी बुळबुळीत होते आणि आंबूस वास मारते. तसं वाटलं तर लगेच गार पाण्याने धुवा. वास गेला नाही तर टाकून द्यावी लागते, त्यात काही उपाय नाही. पावसाळ्यात आणि डिसेंबरात उलटं, मोड यायला पूर्ण दिवस लागतो. तेव्हा पुरचुंडी रिकाम्या कोमट कुकरात झाकून ठेवावी. मोड आल्यावर हाताने चाळवा : न भिजलेले गणंग दाणे खड्यासारखे हाताला लागतात. ते काढा, शिजवूनही मऊ पडत नाहीत.

आता वाटणी. निम्मी मटकी रात्रीच्या पातळ उसळीला. दोन कांदे भाजून त्यात चमचाभर सुकं खोबरं आणि दोन चमचे डाळं वाटा. ओला नारळ फोडायची गरज नाही, डाळ्याने रस्सा दाट होतो. मटकी उघड्या पातेल्यात दहा-बारा मिनिटांत शिजते. कुकरात घातली तर गाळ होतो. चार वाट्या गरम पाणी घालून रस्सा वाढवा. दुसऱ्या दिवशी सकाळी राहिलेल्या मटकीतली दीड वाटी कांद्यावर परतून कोरडी उसळ, डब्यात पोळीबरोबर. उरली एक वाटी. ती तीन वाट्या तांदळाबरोबर मसालेभातात टाका, म्हणजे त्या दिवशी वेगळं कालवण लागत नाही, ताक किंवा कांदा पुरतो.

मूग शिजवताना जास्त पाणी ठेवलंत तर ते ओतून देऊ नका. लसूण-जिऱ्याची फोडणी, कोकम आणि मीठ घातलं की त्याचंच कळण होतं, भातावर घ्यायला.

पिठलं, आणि पीठ पेरून भाजी

डाळ भिजवायला विसरलो, भाजी नाही, गॅस संपत आलाय, या तिन्ही अडचणींवर एकच उत्तर. चौघांना पाऊण वाटी बेसन पुरतं, म्हणजे ५०-५५ ग्रॅम.

१. बेसन अर्ध्या वाटी गार पाण्यात बोटांनी कालवा, एकही गुठळी नको. मग उरलेलं पाणी मिळवा. भाकरीबरोबर खायचं तर एकूण सव्वादोन वाट्या, भातावर घ्यायचं तर तीन.

२. तीन चमचे तेलाची फोडणी, मोहरी, हिंग, दोन हिरव्या मिरच्या, चार पाकळ्या लसूण, दोन कांदे उभे चिरून. कांदा मऊ झाला पाहिजे, करपायला नको.

३. कालवलेलं बेसन एका हाताने ओतत दुसऱ्या हाताने ढवळा. मिनिट-दोन मिनिटांत ते आळायला लागतं.

४. आता मीठ, झाकण, गॅस अगदी बारीक, सात-आठ मिनिटं. मध्ये दोनदा तळापासून ढवळा.

पिठलं कच्चट लागतं ते चौथ्या पायरीला कंटाळल्यामुळे. दाट दिसलं म्हणजे शिजलं असं नव्हे. चकाकी आली आणि कडेने सुटायला लागलं की झालं. गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतं, म्हणून पातेल्यात किंचित पातळ असतानाच उतरवा. कोकणातल्या घरांत कुळथाचं पीठ असेल तर ती निम्म्या कामात होणारी गोष्ट. दोन मोठे चमचे पीठ, तीन वाट्या पाणी, कोकम.

भाजी पाव किलो आणि माणसं चार असली तर पीठ पेरा. मेथी, कांद्याची पात, सिमला मिरची, मुळ्याचा पाला, कशालाही चालतं. अर्धी वाटी बेसन आधी कोरडंच तव्यावर खमंग भाजा. न भाजलेलं पेरलं तर ते तेल पीत राहतं आणि घशात अडकतं. भाजी फोडणीत मऊ होऊ लागली की भाजलेलं बेसन वरून भुरभुरा, पाण्याचा एक हबका मारा, झाकून पाच मिनिटं वाफ.

बाजारात केव्हा जायचं

उपनगरात स्टेशनबाहेर रात्री नऊनंतर भाजीवाले उरलेला माल वाट्यावर देतात. टोमॅटो, वांगी, गवार घ्यायला ही वेळ चांगली. पालेभाजी तेव्हा घ्यायची तर त्याच रात्री निवडून ठेवायची तयारी हवी, नाहीतर सकाळी निम्मी सडलेली निघते. दादरला पुलाखाली पहाटे घाऊक भाजी मिळते, पण माल मोठा घ्यावा लागतो. चाळीत किंवा मजल्यावर दोन-तीन घरांनी मिळून पाच किलो कांदे, पाच किलो बटाटे आणावेत आणि वाटून घ्यावेत. एकट्याने लोकलचं तिकीट काढून दोन किलोसाठी जाण्यात काही हाती लागत नाही.

वाण्याकडे ‘कणी’ मागा, तुटका तांदूळ. अख्ख्यापेक्षा स्वस्त असतो आणि खिचडीत कुणाला ओळखू येत नाही. तेलाची पिशवी घेताना भावाआधी वजन वाचा. एक लिटर तेल साधारण ९१० ग्रॅम भरतं, आणि शेजारची स्वस्त वाटणारी पिशवी बऱ्याचदा ७५० किंवा ८०० मिलीची असते.

घेतलेल्या भाजीतलं फेकलं काय जातं तेही बघा. दोडक्याच्या शिरा, दुधीची सालं तीळ किंवा दाण्यांबरोबर चमचाभर तेलात कुरकुरीत परतून चटणी होते. फ्लॉवरचे दांडे बारीक चिरून आमटीत, कोथिंबिरीच्या काड्या वाटणात. दोन गोष्टी मात्र काटकसरीच्या नावाखाली पोटात घालू नका. दुधी चिरताना कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर अख्खा दुधी टाका, शिजवून ते विष जात नाही. आणि हिरवा पडलेला बटाटा नको.

सुकट, अंडी, सोयाबीन

मासे खाणाऱ्या घरात एक वाटी जवळा चौघांचं जेवण करतो. समुद्रात मासेमारी बंद असते त्या जून-जुलैसाठी तो एप्रिल-मेमध्येच घेऊन, तव्यावर भाजून, घट्ट बरणीत भरावा. करताना आधी चाळणीत चाळून वाळू काढा, तव्यावर कोरडाच दोन-तीन मिनिटं भाजा, मग पाण्यात टाका आणि हाताने वरच्यावर उचलून घ्या. पातेलं उलटं करून पाणी ओतलंत तर तळाची वाळू पुन्हा जवळ्यात येते. पिळून घ्या. चार चमचे तेलावर तीन कांदे, तिखट, हळद, जवळा, तीन कोकमं, झाकून पाच मिनिटं. मीठ शेवटी, चाखून. याला तेल वाचवू नका, चार चमच्यांखाली जवळा कोरडा, टोचरा लागतो.

चार अंडी असतील तर उकडून करी करण्यापेक्षा उसळीसारखा रस्सा उकळवून त्यात फोडून सोडा, न ढवळता झाकून सहा मिनिटं. रश्श्याला अंड्याची चव लागते आणि बटाटे घालून तोच रस्सा वाढवता येतो. सोयाबीनच्या वड्यांत १०० ग्रॅमला ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, डाळीच्या दुपटीहून जास्त, त्यामुळे डाळ संपत आली की त्या आणाव्यात. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवून दोनदा घट्ट पिळल्या नाहीत तर उग्र वास येतो, आणि मुलं पुन्हा तोंड लावत नाहीत.

उरलेलं : काय ठेवायचं, काय नाही

मुंबईच्या हवेत भात ओट्यावर रात्रभर ठेवू नका. भातात वाढणारे काही जंतू असं विष तयार करतात जे पुन्हा गरम करूनही जात नाही, त्यामुळे ‘फोडणी दिली की चालतं’ हे खरं नाही. जास्तीचा भात ताटात पसरून लवकर गार करा आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाका. फ्रिज नसेल तर रात्रीचा भात मोजूनच लावा, आणि पुरवायचं ते पोळ्यांनी पुरवा. पोळी सकाळपर्यंत टिकते. भाताला हात लावल्यावर तार सुटली की विचार न करता टाका.

शिळ्या पोळ्यांचा कुस्करा करताना पोळ्या आधी मिक्सरमध्ये फिरवू नका, पीठ होतं. हाताने चुरा, ताकाचा हबका मारा, पाच मिनिटं मुरू द्या आणि मग फोडणीत घाला. तेल निम्मं लागतं.

थालीपीठ हा उरलेल्याचा खरा राजा. दोन वाट्या कणीक, एक वाटी तांदळाचं किंवा ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, फ्रिजमधला वाटीभर भात कुस्करून, दोन कांदे, ओवा, तिखट, मीठ. भातात पाणी असतंच, म्हणून आधी पाणी न घालता मळून बघा आणि मग हबक्या-हबक्याने घाला. सैल झालं की उलटताना तुटतं. ओल्या फडक्यावर थापा, मधे भोक पाडा, त्यात अर्धा चमचा तेल, मंद गॅसवर झाकून. मोठ्या आचेवर वरून करपतं आणि आत पिठूळ राहतं. सात-आठ होतात.

शेवटचे दोन दिवस

डाळीचे डबे रिकामे आणि तांदूळ-कणीक उरलेली, अशी वेळ आली तर कुठेतरी वाटीचं माप चुकलेलं असतं. तेव्हा शेंगदाणे. वाटीभर दाणे भाजून, भिजवून, जिरं-मिरची-कोकमाबरोबर वाटले की दाण्याची आमटी होते. दाट असते, पोटाला राहते, आणि फोडणीला एक चमचा तेल पुरतं. सकाळी पोह्यांत दाणे आणि बटाटा जास्त, पोहे कमी. संध्याकाळी मऊ भात किंवा पेज, अर्ध्या वाटी तांदळाला सहा वाट्या पाणी. पण पेजेवर दिवसभर ओझं उचलणाऱ्याची भूक भागत नाही, त्याला सोबत दोन पोळ्या आणि दाण्याची चटणी द्या.

पगार झाला की आधी तेल आणि दोन प्रकारच्या डाळी, मग गहू-तांदळाची तूट, मग कडधान्य, आणि बिस्किटं, फरसाण शेवटी उरलेल्या पैशांत. डाळीचा डबा भरताना दोन वाट्या वेगळ्या पुडीत बांधून तांदळाच्या डब्याच्या तळाशी ठेवा. ती पुडी पंचवीस तारखेच्या आधी उघडायची नाही.